टाकीचा घाव न लागलेली देवी

हिंगोलीहून औंढ्याला निघालं, की नागनाथाच्या आधी वाटेत दोन-चार देवी भेटतातच. लिंबाखाली, वेशीवर, शेताच्या बांधाला. हात नाहीत, तोंड नाही. शेंदूर फासलेला गोल धोंडा, फार तर दोन चांदीचे डोळे. हा तांदळा. पुढे नागनाथाच्या भिंती नखशिखांत कोरलेल्या, आणि इथे टाकीचा एक घावही नाही.

मग हा गोलवा आला कुठून? इथला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना तो आक्रसला, भेगाळला, त्याचे ठोकळे झाले. भेगांतून पाणी शिरलं. ठोकळ्याच्या सपाट अंगावर पाण्याचा मारा एका बाजूनं होतो, कडेवर दोन बाजूंनी, कोपऱ्यावर तीन. म्हणून कोपरे आधी जातात. कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, त्यांचा मुरूम होतो आणि मधला घट्ट गाभा गोटा होऊन उरतो. विहीर खणणाऱ्यांना हे गोटे चांगले ठाऊक असतात, शिव्या घालण्यापुरते तरी!

न घडवलेल्या दगडात देवी पाहणारे आपण एकटेच नाही. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या फिनिशियन लोकांची थोर देवी अस्टार्टे. तिथल्या बायब्लॉस नगरीच्या, रोमन सम्राट मॅक्रिनसच्या काळातल्या (इ. स. २१७-२१८) नाण्यावर देवळाच्या आवारात मधोमध सुळक्यासारखा दगड दिसतो. सायप्रसमधल्या पाफोसची अफ्रोडाइटी अस्टार्टेच्याच गोतातली. तीही दगडाच्याच रूपात पुजली जाई. रोमन इतिहासकार टॅसिटसनं लिहून ठेवलंय, की या देवीला माणसाचं रूप नाही. खाली रुंद, वर निमुळती. कारण कळत नाही, एवढं म्हणून तो मोकळा झाला. आपल्याकडच्या एखाद्या आजीला तर प्रश्नच पडला नसता.

म्हणून कुणी लगेच फिनिशियन गलबतं हिंगोलीच्या कयाधू नदीच्या काठाला आणू नयेत. तसा पुरावा नाही, आणि गरजही नाही.

आपल्या तांदळ्याला एक गोष्ट जास्तीची मिळाली, शेंदूर. शिशाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार, असं हे संयुग. जवसाच्या तेलात कालवलं, तर शिशामुळे तेल लवकर वाळून कडक होतं. हे शिसं विषारी, तेव्हा देवीला लावलेलं बोट तोंडात जाऊ देऊ नये. थरावर थर चढत खोळ इतकी जाड होते, की आतला दगड कुणाला आठवतही नाही. वणीच्या सप्तशृंगीची खोळ २०२२ मध्ये उतरवली, तेव्हा आतून अठरा हातांची कोरीव मूर्ती उजळून निघाली. बांधावरच्या तांदळ्याची खोळ उतरवली, तर आत त्याच शेतातला गोटा निघेल.