अनुवादक साने गुरुजी : खानदेशाच्या पदरातले विसरलेले दान

साने गुरुजींचे नाव निघाले की आधी ‘श्यामची आई’ आठवते, मग ‘खरा तो एकचि धर्म’, आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. कादंबरीकार गुरुजी आणि कवी गुरुजी मराठी माणसाने घरोघर जपले, पण अनुवादक गुरुजी त्याच्या हातून निसटले. त्यांच्या आयुष्यातले शेवटचे मोठे स्वप्न, म्हणजे आंतरभारती, या अनुवादकाला बाजूला ठेवून कळणारच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हा अनुवादक घडण्याची सुरुवात झाली ती खानदेशात.

गुरुजी मूळचे कोकणातले. 24 डिसेंबर 1899 रोजी दापोली तालुक्यातल्या पालगडला त्यांचा जन्म झाला. अमळनेरला ते आले तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी. 1924 मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. खानदेशातल्या खेड्यापाड्यांत घरची बोली अहिराणी आणि शाळेची भाषा मराठी. अशा मुलखात कोकणातून आलेला मास्तर शिकवायला उभा राहिला की समोरच्याचे बोलणे आधी कान देऊन ऐकावे लागते. अनुवादकाची पहिली तालीम तीच असते.

1930 मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांची रवानगी झाली थेट त्रिचनापल्लीला. तिथे दक्षिणेतले सत्याग्रही सोबत होते. एकाच देशासाठी सगळे तुरुंगात आलेले, पण एकमेकांची भाषा कोणाला येत नव्हती. याची खंत गुरुजींना लागून राहिली. तिथेच ते तमिळ आणि बंगाली शिकले. तिरुवल्लुवरांचे ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले. 133 अधिकार, प्रत्येकात दहा, म्हणजे 1330 द्विपदींचा हा ग्रंथ आहे. दोन ओळींत आख्खा विचार बसवलेला असतो. शब्द थोडा जरी सैल पडला तरी त्यातला जीव जातो. ऐन तिशीतल्या एका मराठी शिक्षकाने तुरुंगात नवी भाषा शिकून अशा ग्रंथाशी नाते जोडावे, याचे मोल आपण अजून नीट केलेले नाही.

पुढचा प्रसंग पुन्हा धुळ्याचा. 1932 मध्ये तिथल्या तुरुंगात विनोबा होते आणि गुरुजीही होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून असे सलग अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले. दर रविवारी एक अध्याय. समोर बसलेले गुरुजी ते बोलणे कागदावर उतरवत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आले ते त्या टिपणांमुळे, आणि पुढे ते देशातल्या कितीतरी भाषांत गेले. हे काम अनुवादाचे नव्हे, हे खरे. पण त्याला लागणारा गुण एकच आहे. दुसऱ्याचे वाक्य त्याच्याच वळणाने टिपायचे आणि स्वतःला मागे ठेवायचे. कवयित्री बहिणाबाई चौधरींची गाणीही अशीच टिकली. लिहिता न येणाऱ्या आईची गाणी सोपानदेवांनी उतरवून घेतली, म्हणून 1952 मध्ये त्यांचे पुस्तक झाले. अशा लिहून घेणाऱ्यांचे खानदेशावर फार मोठे ऋण आहे.

गुरुजींचे अनुवाद सगळे एका जातीचे नाहीत. टॉलस्टॉयचा कलाविषयक ग्रंथ त्यांनी ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणला, तर ह्युगोच्या ‘ले मिझराब्ल’वरून ‘दुःखी’ लिहिली. ‘मनूबाबा’ हे जॉर्ज एलियटच्या 1861 च्या ‘सायलस मार्नर’चे रूपांतर. चोरीचा खोटा आळ आलेला विणकर गाव सोडतो, सोन्याची नाणी साठवत एकटा राहतो, ते सोनेही चोरीला जाते आणि मग एक पोरकी मुलगी त्याच्या दारात येते. गुरुजींच्या गोष्टीत ती मुलगी ‘सोनी’ होते. मराठी मूल ही गोष्ट वाचते तेव्हा ती इंग्लंडातली आहे याची त्याला शंकाही येत नाही. या कौशल्याची किंमतही मोजावी लागली आहे. चर्चभोवती फिरणारे ते इंग्रजी खेडे आणि एलियटचा सूक्ष्म, चिकित्सक आवाज मागे पडला. करुणेवर गुरुजींचा भर इतका, की मूळ लेखिकेची कठोर नजर मऊ होते. मला हे उणे वाटते. पण मुलांसाठी जगाचे दार उघडायचे, हे ठरवून केलेले काम होते आणि त्या कसोटीवर ‘मनूबाबा’ आजही उतरते.

1949 मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीचा विषय मांडला. भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य आपलेसे करावे, अशी ती कल्पना. त्यासाठी त्यांनी पैसेही गोळा केले. त्रिचनापल्लीत लागलेली खंत एकोणीस वर्षांनी योजनेच्या रूपात उभी राहिली होती. चाळीसगावकरांना तर हे परके वाटायलाच नको. आपल्याच तालुक्यात पाटणला, तेराव्या शतकाच्या आरंभी, गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांची ‘लीलावती’ 1587 मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने फारसीत नेली. ज्ञान भाषा ओलांडून जाते, याचा असा दाखला आपल्या घराशी आहे.

गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले. योजना अपुरी राहिली. ‘श्यामची आई’ मात्र शांता गोखले यांनी 2021 मध्ये नव्याने इंग्रजीत नेली. आयुष्यभर इतर भाषांतले मराठीत आणणाऱ्याचे पुस्तक बाहेर गेले, हे चांगलेच झाले.

कायद्याप्रमाणे 1 जानेवारी 2011 पासून गुरुजींचे साहित्य सर्वांसाठी खुले आहे. परवानगीची अडचण उरलेली नाही. जळगावचे विद्यापीठ आणि अमळनेर, धुळे, चाळीसगावची महाविद्यालये यांनी मिळून त्यांच्या अनुवादांची एक चिकित्सक आवृत्ती काढावी, मूळ कृतीशी ताडून, टिपांसह. तमिळ जाणणारा एखादा अभ्यासक ‘कुरल’साठी सोबत घ्यावा. आणि हे होईपर्यंत, वाचकहो, या सुट्टीत घरातल्या मुलांना ‘मनूबाबा’ वाचून दाखवा आणि ही गोष्ट मुळात कोणाची, तेही सांगा.