चिनी मुखपरीक्षा आणि वैद्याची दृष्टी

अलीकडे आपल्या व्यवसायात एक रंगीत चित्र शिरले आहे. मानवी चेहऱ्याचे हे चित्र असते. कपाळ, भुवयांमधील जागा, गाल, नाक, हनुवटी असे त्याचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागावर एकेका अवयवाचे नाव लिहिलेले असते. 'चिनी मुखवाचन' या नावाने ते भ्रमणध्वनीवरून सर्वत्र फिरते. रुग्ण ते समोर धरून विचारतो, "डॉक्टर, गालावर पुटकुळ्या येतात म्हणजे माझं लिव्हर बिघडलंय का?" औषधी दुकानात तर हा प्रश्नही विचारला जात नाही, थेट यकृताच्या औषधाचीच मागणी होते.

अशा प्रसंगी काही वैद्य हे सारे थोतांड म्हणून झटकून टाकतात, तर काही ते चित्र चिकित्सालयाच्या भिंतीवर लावतात. दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत असे आम्हांस वाटते. चिनी वैद्यकातील मुखपरीक्षा हा गंभीर विषय आहे आणि त्या चित्राशी त्याचा संबंध फारच थोडा आहे. मूळ शास्त्र काय सांगते आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ ग्रंथातील विचार

चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ 'हुआंगदी नेईजिंग' होय. पीत सम्राट आणि त्याचे वैद्य यांच्या संवादरूपातील हा ग्रंथ साधारणतः इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांत आकारास आला. 'सुवेन' आणि 'लिंगशू' हे त्याचे दोन भाग असून प्रत्येकात ८१ अध्याय आहेत. चिनी परंपरेत रोगीपरीक्षेचे मार्ग चार : पाहणे, ऐकणे व गंध घेणे, विचारणे, आणि स्पर्श करणे. नाडीपरीक्षा या शेवटच्या मार्गात येते. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या आपल्या त्रिविध परीक्षेशी याचे साम्य वाचकांच्या सहज लक्षात येईल. पुढे 'नानजिंग' या ग्रंथाच्या ६१व्या प्रश्नात, केवळ पाहून रोग जाणणाऱ्यास सर्वोच्च स्थान दिले आहे. तथापि चारही मार्गांचा मेळ घालूनच निदान करावे, हाच तेथील वैद्यांचा प्रघात राहिला.

आज फिरणाऱ्या चित्रांपैकी अनेकांचे मूळ 'सुवेन'च्या ३२व्या अध्यायात आहे. त्यात डावा गाल यकृताचा, उजवा गाल फुप्फुसाचा, कपाळ हृदयाचे, नाक प्लीहेचे आणि हनुवटी वृक्काची मानली आहे. यकृत डाव्या गालावर का, असा प्रश्न शरीररचना शिकलेल्या कोणासही पडेल. त्याचे उत्तर शरीररचनेत नसून दिशांमध्ये आहे. मनुष्य दक्षिणेकडे तोंड करून बसला, तर त्याच्या डाव्या हातास पूर्व व उजव्या हातास पश्चिम येते. चिनी विचारात पूर्व ही काष्ठ तत्त्वाची, म्हणून यकृताची दिशा. पश्चिम ही धातू तत्त्वाची, म्हणून फुप्फुसाची. वर दक्षिण व अग्नी, म्हणून हृदय. खाली उत्तर व जल, म्हणून वृक्क. मध्यभागी पृथ्वी, म्हणून प्लीहा. मुखावर येथे विश्वाची मांडणी केलेली आहे.

याहून महत्त्वाचे असे की, हा अध्याय ज्वराचा आहे. अमुक अवयवात उष्णता साचली असता मुखाचा अमुक भाग प्रथम लाल होतो; ती लाली दिसताच, रोग प्रकट होण्यापूर्वीच सूचीचिकित्सा करावी, असा त्याचा आशय आहे. गालावरील पुटकुळ्या, डाग किंवा सुरकुत्या यांचा तेथे प्रश्नच नाही.

'लिंगशू'चा ४९वा अध्याय खास मुखवर्णासाठीच आहे. त्यात मात्र दुसरीच मांडणी आढळते. तेथे फुप्फुस भुवयांच्या मध्यावर, हृदय नाकाच्या मुळाशी, यकृत त्याखाली नासादंडावर, प्लीहा नाकाच्या शेंड्यावर आणि जठर नाकपुड्यांवर आहे. म्हणजे एकाच ग्रंथात यकृताची दोन स्थाने झाली. जुन्या चिनी वैद्यांना यात अडचण वाटली नाही, कारण मांडणी ही त्यांच्या विचाराची चौकट होती. जो कोणी आज एकच चित्र 'प्राचीन चिनी शास्त्र' म्हणून विकतो, त्याने मात्र या दोहोंपैकी कोणते खरे हे सांगावयास हवे.

शिवाय चिनी वैद्यकातील 'यकृत' हे प्रयोगशाळेत तपासले जाणारे यकृत नव्हे. रक्ताचा संचय, 'छी'चे सुरळीत वहन, नेत्र, स्नायू आणि क्रोध या सर्वांचा त्या संज्ञेत अंतर्भाव होतो. वात म्हणजे वारा असे समजून कोणी आपला ग्रंथ वाचू लागला, तर जो गोंधळ होईल तोच येथे होतो.

वर्ण आणि कांती

मग या परीक्षेचे सार कशात आहे? आमच्या मते ते 'सुवेन'च्या दहाव्या अध्यायात आहे. पाच वर्णांपैकी प्रत्येकाचे दोन प्रकार तेथे सांगितले आहेत. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा लाल शुभ, गोठलेल्या रक्तासारखा लाल अशुभ. डुकराच्या चरबीसारखा पांढरा शुभ, वाळलेल्या हाडासारखा अशुभ. कावळ्याच्या पंखासारखा काळा शुभ, काजळीसारखा अशुभ. वर्ण तोच, भेद आहे तो तेजाचा. रंग कोणताही असो, त्यात स्निग्धता आणि चकाकी असेल तर प्राण शाबूत आहे. रंग कोरडा आणि मृतवत् झाला तर वैद्याने सावध व्हावे.

हे वाचताना चरकाच्या इंद्रियस्थानाची आठवण न होणे अशक्य. तेथे पहिल्या अध्यायात प्रकृतिवर्ण व विकृतिवर्ण, आणि सातव्या अध्यायात छाया व प्रभा यांचा विचार आहे. पंचमहाभूतांनुसार पाच छाया सांगून त्यांपैकी रूक्ष आणि हतप्रभ अशी वायवी छाया निंद्य ठरविली आहे. दोन दूरच्या देशांतील वैद्यांनी रुग्णाच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट शोधली, ती म्हणजे तेज आहे की गेले. आपल्यापैकी किती जण रुग्णपत्रिकेवर छाया-प्रभेची नोंद करतात, हा प्रश्न येथे विचारावासा वाटतो.

वैद्याचे मुखदर्शन आणि सामुद्रिक

चीनमध्ये मुख पाहणाऱ्यांचे दोन वर्ग पूर्वापार होते. एक वैद्यांचा, दुसरा भविष्य सांगणाऱ्यांचा. कपाळाच्या रुंदीवरून धनयोग, कानाच्या पाळीवरून आयुष्य सांगणारे ते शास्त्र आपल्या सामुद्रिकाच्या जवळचे होय. त्यावर चीनमध्येच टीका झाली, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील तत्त्वचिंतक श्युन्झी यांनी त्याच्या खंडनार्थ स्वतंत्र प्रकरण लिहिले. या दोन वर्गांतील एक ठळक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्योतिषी जन्मजात, न बदलणारी ठेवण पाहतो. वैद्य बदल पाहतो. आज फिरणाऱ्या चित्रांत ही दोन्ही कुळे एकत्र मिसळलेली दिसतात.

बियान च्युए आणि राजाची शंका

इतिहासकार सिमा च्यान यांनी इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेल्या 'शीजी' या ग्रंथात बियान च्युए या वैद्याची कथा दिली आहे. छी राज्याच्या हुआन राजास पाहताच त्याने सांगितले की, रोग त्वचेच्या ठिकाणी आहे, उपचार न केल्यास तो आत जाईल. राजाला काहीच त्रास नव्हता. वैद्य लोभी असतात, निरोग्यास रोगी ठरवून श्रेय मिळवू पाहतात, असे तो जवळच्यांना म्हणाला. पाच पाच दिवसांनी बियान च्युए पुन्हा आला. रोग रक्तवाहिन्यांत, मग आतड्यांत व जठरात गेल्याचे त्याने सांगितले. चौथ्या वेळी राजास दुरून पाहून तो न बोलता परतला. आता रोग मज्जेत गेला होता, तेथे उपाय नव्हता. पुढे राजा आजारी पडून मरण पावला.

सुश्रुतोक्त क्रियाकालांचे स्मरण करून देणारी ही कथा बहुधा वैद्याच्या दिव्य दृष्टीच्या गौरवार्थ सांगितली जाते. आम्हांस मात्र राजाची शंका अधिक विचार करावयास लावते. ती त्या वैद्याच्या बाबतीत चुकीची ठरली. पण जो एका पुटकुळीवरून तीन महिन्यांची औषधे बांधून देतो, त्याच्या बाबतीत ती तंतोतंत खरी ठरते. असे दोन-चार अनुभव आले की, पुढे खरोखर गंभीर लक्षण दाखवून देणाऱ्या वैद्यावरही रुग्ण विश्वास ठेवीत नाही.

आधुनिक कसोटी

मुखावर अंतर्गत रोगाची चिन्हे दिसतात, याविषयी आधुनिक वैद्यकासही शंका नाही. प्रश्न आहे तो कोणते चिन्ह कसोटीस उतरते याचा. कोपनहेगन येथील १२,७४५ व्यक्तींच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पापण्यांवरील पिवळसर चकत्या (झँथेलाझ्मा) असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक आढळला, आणि तोही रक्तातील कोलेस्टेरॉल वगैरे घटक जमेस धरूनही. याउलट बुबुळाभोवतीचे पांढुरके कडे हे धोक्याचे महत्त्वाचे स्वतंत्र चिन्ह ठरले नाही. एकाच डोळ्यापाशी दिसणारी दोन चिन्हे. त्यांतील एक टिकले, दुसरे नाही.

खुद्द चीनमधील संशोधकांनी २०२० मध्ये मुखाच्या छायाचित्रांवरून हृदयाच्या धमन्यांचा विकार ओळखणाऱ्या संगणकप्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकार असलेल्या १०० जणांपैकी ८० जण तिने ओळखले. परंतु विकार नसलेल्या १०० पैकी सुमारे ४६ जणांनाही तिने विकारग्रस्त ठरविले. हजारो चेहरे अभ्यासलेल्या यंत्राची ही स्थिती असेल, तर भिंतीवरील चित्राच्या आधारे निदान करणे किती धाडसाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

व्यवहारात काय करावे

वैद्यांनी मुख अवश्य पाहावे. पण दिवसाच्या उजेडात, प्रसाधने पुसून, आणि मागील भेटीशी तुलना करून. आपल्या सावळ्या त्वचेवर पांडुता आणि कामला गालांवर लवकर कळत नाहीत. पापणीच्या आत, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, जिभेवर व नखांवर ती शोधावीत. गालांवर डाग दिसताच व्यंग म्हणून लेप देण्यापूर्वी सांधेदुखी, ज्वर, मुखपाक, उन्हाने वाढणारी लाली यांची चौकशी करावी. ल्युपससारखा रोग तेथे दडलेला असू शकतो. हनुवटीवर वारंवार पुटकुळ्या येणाऱ्या तरुणीस आर्तवाविषयी विचारावे. मानेवर मखमलीसारखी काळसर जाड त्वचा दिसल्यास रक्तशर्करा तपासावी. सकाळी डोळ्यांभोवती सूज असल्यास मूत्रपरीक्षा करवावी. पाहिल्यावर प्रश्न सुचावा आणि प्रश्नातून योग्य तपासणी ठरावी, हाच दर्शनाचा उपयोग होय.

औषधी विक्रेत्यांची जबाबदारीही लहान नाही. लालसर, पातळ झालेल्या, पुटकुळ्यांनी भरलेल्या चेहऱ्याचे कारण पुष्कळदा गोरेपणासाठी महिनोन्महिने लावलेले स्टिरॉइडयुक्त मलम हेच असते. त्यास 'यकृताची उष्णता' समजून आणखी एक औषध देण्याऐवजी, ग्राहक काय लावतो ते आधी विचारावे आणि त्यास चिकित्सकाकडे पाठवावे. डोळे पिवळे दिसणे, चेहरा पांढरा पडून धाप लागणे, एखादा तीळ झपाट्याने वाढणे, ही चिन्हे दिसल्यास काहीही न विकता ग्राहकास त्याच दिवशी तपासणीस धाडावे. एका बाजूने तोंड अचानक वाकडे झाले असेल तर तेवढाही वेळ नाही. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. ते साडेचार तास दुकानात वा आपल्या चिकित्सालयात खर्ची पडू नयेत.

चिनी वैद्यकापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ते घेण्यासाठी भिंतीवर चित्र लावण्याची गरज नाही. प्रत्येक रुग्णाच्या पत्रिकेवर वर्ण, छाया व प्रभा यांसाठी एक ओळ राखून ठेवावी, प्रत्येक भेटीत ती भरावी आणि मागील नोंदीशी ताडून पाहावी, एवढीच आमची सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे. वर्षभराने ही पत्रिका चाळली असता, आपल्याच रुग्णांच्या चेहऱ्यांनी आपल्याला काय शिकविले ते प्रत्येकास दिसून येईल.