एकाच कारागिराची दोन पिस्तुले

एखाद्या हत्याराची योग्यता आपण बहुधा आकड्यांवरून ठरवतो. पण सुताराला रंधा जसा हातात घेतल्यावरच कळतो, तसेच पिस्तुलाचेही आहे. आज ज्या दोन पिस्तुलांची तुलना करावयाची आहे, त्यांचा जनक एकच : अमेरिकेतील यूटा येथे १८५५ साली जन्मलेला जॉन मोझेस ब्राउनिंग.

पहिले ‘कोल्ट’. अमेरिकन सैन्याने ते १९११ साली स्वीकारले व १९८५ पर्यंत प्रमुख पिस्तूल म्हणून वापरले. दुसरे ‘ब्राउनिंग हाय-पॉवर’. त्याचे काम चालू असतानाच १९२६ साली ब्राउनिंग बेल्जियममध्ये निवर्तला. पुढे दियूदोने सेव्ह याने ते पूर्ण केले आणि १९३५ साली ते पिस्तूल पुढे आले.

दोहोंची रचना सख्ख्या भावांसारखी आहे. चाप ओढला की एकच गोळी सुटते. तिच्या धक्क्याने वरची स्लाईड मागे सरकते, रिकामे टरफल बाहेर फेकते आणि परतताना नवे काडतूस नळीत सारते.

मग हाताला फरक जाणवतो कोठे? प्रथम मुठीत. कोल्टमध्ये सात जाड काडतुसे एकावर एक रचलेली असतात, म्हणून मूठ चपटी. हाय-पॉवरमध्ये तेरा बारीक काडतुसे नागमोडी बसतात. त्यामुळे मूठ बोजड व्हावयास हवी होती. परंतु तिला अशी गोलाई दिली आहे, की ती तळहातात भरून बसते. कोल्टचा चाप लहान हाताच्या शिपायाला दूर पडे. म्हणून १९२० नंतरच्या सुधारणेत तो आखूड करावा लागला.

दुसरा फरक झटक्याचा. कोल्टची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, तर हाय-पॉवरची सुमारे ८. कोल्टचा धक्का जड, कोणी ढकलल्यासारखा. हाय-पॉवरचा हलका, त्यामुळे नेम लवकर जागेवर येतो.

तिसरा फरक चापाचा, आणि येथेच खरी गोम आहे. कोल्टचा चाप सरळ मागे सरकतो व घोडा केव्हा पडणार हे बोटाला अचूक कळते. हाय-पॉवरमध्ये मॅगझीन काढले असता गोळी सुटू नये, म्हणून एक अडसर ठेवला आहे. फ्रेंच सैन्याची ती मागणी होती. हा अडसर मॅगझीनला घासतो आणि चाप खरखरीत लागतो. नेमबाज त्याबद्दल कुरकुरतात, कित्येक तो काढूनही टाकतात. कोल्टच्या मुठीला मागे कळ आहे. ती दाबल्यावाचून चाप चालत नाही. पण मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे समजणाऱ्याला ती कळ वाचवीत नाही. नळीत राहिलेले काडतूस उडतेच.

दुसऱ्या महायुद्धात बेल्जियमचा कारखाना जर्मनांच्या हाती गेला, तेव्हा तेच हाय-पॉवर टोरांटोत दोस्तांसाठी तयार होऊ लागले. एकच हत्यार दोन्ही पक्षांच्या कमरेला लटकले. पुढे आपल्या इच्छापूरच्या रायफल कारखान्यातही त्याची आवृत्ती तयार झाली.

तेव्हा श्रेष्ठ कोणते? सुखद चाप कोल्टचा, भरीव मूठ हाय-पॉवरची. पण अडसर असो वा नसो, स्लाईड मागे ओढून नळी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कोणतेही पिस्तूल रिकामे मानू नये. हाताचे सुख कारागीर देईल. सावधपणा ज्याचा त्यानेच आणावयाचा असतो.