हुबळीतील टोचणी आणि उंडेऱ्यातील मोजणी

साथीचा रोग गावात शिरला म्हणजे दोन कामे एकदम उभी राहतात. पहिले काम माणसे वाचविण्याचे. आणि दुसरे, ज्या उपायाने ती वाचली असे आपण म्हणतो त्याच उपायाने ती खरोखर वाचली काय, हे ठरविण्याचे. वरवर पाहता ही दोन्ही कामे एकाच वाटेने जाणारी वाटतात. परंतु प्रसंगी ती एकमेकांच्या आड येतात. १८९८ साली आपल्या हुबळी शहरात पहिले काम मोठ्या हिरीरीने झाले आणि दुसरे पंगू राहिले. त्याच वर्षी बडोद्याजवळच्या उंडेरा नावाच्या लहानशा खेड्यात दुसरे काम अगदी चोख झाले. पण त्यासाठी जे मोल द्यावे लागले ते ऐकून मन अस्वस्थ होते. आजच्या भाषणात ह्या दोन गावांची हकीकत सांगावयाची आहे.

रोग होता प्लेग. त्या काळच्या मराठी पत्रांतील भाषेत ग्रंथिक सन्निपात. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन ह्या शास्त्रज्ञाने त्याचे जंतू शोधून काढले होते. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात काखेत व जांघेत गाठ येऊन तापाने माणसे मरू लागली. हा प्लेगच आहे असे निश्चयपूर्वक प्रथम सांगितले ते डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी. हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे, पण त्यांचा व्यवसाय मुंबईत होता. मुंबईतून लोक हजारोंनी गावोगाव पळाले, आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर व धान्याच्या पोत्यांबरोबर रोगही निघाला.

हुबळीला तो पोहोचला ह्यात नवल नव्हते. सदर्न मराठा रेल्वेचे फाटे येथे मिळत होते. पुणे, बंगळूर, गदग आणि मार्मागोवा ह्या चारी दिशांना येथून गाड्या जात. कापसाचा व धान्याचा मोठा बाजार, गिरणी, रेल्वेचा कारखाना, आणि त्या भोवती दाटीवाटीने राहणारी वस्ती. उंदरांना ह्याहून सोयीचे गाव कोणते असणार! १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला प्लेग सुरू झाला, तोही हुबळी-धारवाडच्या बाजूने रेल्वेमार्गानेच गेला असे मानले जाते.

आज आपणास हे ठाऊक आहे की, प्लेग हा मुळात उंदरांचा रोग आहे. उंदराच्या अंगावरील पिसवा त्याचे रक्त पितात आणि त्या रक्ताबरोबर जंतूही त्यांच्या पोटात जातात. तेथे ते इतके वाढतात की पिसवेच्या अन्नमार्गात त्यांचा बोळा बसतो. मग ती भुकेने पुनःपुन्हा दंश करते, आणि प्रत्येक दंशाबरोबर घशाशी आलेले जंतू दुसऱ्याच्या अंगात सोडते. उंदीर मेला आणि त्याचे शरीर थंड पडले की ह्या पिसवा त्याला सोडून जवळच्या उबदार देहाकडे धाव घेतात. घरात दुसरा उंदीर नसेल तर तो देह माणसाचा असतो. म्हणून आधी उंदीर पडतात आणि मागाहून माणसे.

हे पिसवेचे रहस्य पॉल लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत उकलले; परंतु त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि १९०५ नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांनीच ते सर्वमान्य झाले. मौज अशी की, उंदीर पडू लागताच गाव सोडून माळावर झोपड्या घालाव्या, हे शहाणपण खेड्यांतील लोकांना अनुभवाने आलेले होते. कारण त्यांना सांगता येत नव्हते, पण उपाय अचूक होता. घराबरोबर उंदीर आणि पिसवा दोन्ही मागे राहत. विद्वान अधिकारी मात्र त्या वेळी गटारांत कार्बोलिक ओतीत होते, भिंतींना चुना लावीत होते, आणि छपराची कौले काढून घरात ऊन घेत होते.

सरकारी उपायांची कठोरता आपणास इतिहासातून परिचित आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात सोल्जरांकडून घरझडत्या झाल्या. रोग्यास इस्पितळात व त्याच्या घरच्यांस छावणीत ओढून नेले गेले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. भीती रोगाची की भीती छावणीची, हे लोकांना सांगता येईनासे झाले होते. रोगी लपविले जाऊ लागले, प्रेते रातोरात उचलली जाऊ लागली. जो उपाय रोग्याला लपावयास लावतो तो साथ आवरीत नाही, पसरवितो.

अशा वेळी वाल्देमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस सिद्ध केली. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, त्यांना आधारासाठी वर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे, आणि पुरेसे वाढले की उष्णतेने मारून टाकावयाचे. ह्या मृत जंतूंची टोचणी घेतली की ताप येतो, दंड सुजतो, आणि शरीर खऱ्या शत्रूशी लढण्याची तालीम घेते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने प्रथम ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता सुमारे दीडशे कैद्यांनी आपखुषीने टोचून घेतले. त्यांतील २ आजारी पडले व एकही दगावला नाही. न टोचलेल्यांत १२ आजारी पडले व ६ दगावले.

आता हुबळीकडे येऊ. १८९८ च्या उन्हाळ्याअखेरपासून पावसाळा सरेपर्यंत येथे टोचणीचे जे काम चालले, तेवढे तोपर्यंत हिंदुस्थानातील क्वचितच एखाद्या गावात झाले असेल. त्याचे सूत्रधार होते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील कॅप्टन ल्यूमन. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या गावात तीस हजारांहून अधिक लोकांनी टोचून घेतले, आणि पुष्कळांनी दोनदा. हे सर्व केवळ श्रद्धेने झाले असे मी म्हणणार नाही. मुंबई सरकारने टोचलेल्यांस दाखले देण्याची प्रथा घातली होती, आणि ज्याच्यापाशी दाखला त्याची प्रवासातील अडवणूक व छावणीतील स्थानबद्धता ह्यांतून सुटका होई. शेजारपाजारी माणसे मरत असता आणि छावणीचे भय डोक्यावर असता दंड पुढे करणाऱ्याची इच्छा किती स्वतंत्र म्हणावी, हा प्रश्नच आहे. तथापि घरात शिरून ओढून नेणे आणि दारात उभे राहून समजाविणे, ह्यांत जे अंतर आहे ते हुबळीकरांनी ओळखले, एवढे निश्चित.

ल्यूमनने दर आठवड्याचे आकडे मांडले: टोचलेल्यांत मृत्यू इतके, न टोचलेल्यांत इतके. फरक फार मोठा दिसत होता. लसीचे समर्थक हुबळीचे नाव ठिकठिकाणी पुढे करू लागले. आणि येथेच दुसऱ्या कामाची अडचण उभी राहिली.

मी शाळामास्तर आहे. अपूर्णांक शिकविताना माझा असा अनुभव आहे की, मुलांचे लक्ष सारे वरच्या अंशाकडे असते, खालच्या छेदाकडे कोणी पाहत नाही. साथीच्या गणितातही तेच होते. मेलेले हा अंश. ते मोजणे दुःखाचे असले तरी त्या मानाने सोपे, कारण प्रेत एका जागी असते आणि त्याची नोंद होते. परंतु ज्यांच्यातून ते मेले ती जिवंत माणसे म्हणजे छेद. आणि जिवंत माणसे हिंडतात, पळतात, परत येतात. हुबळीत टोचलेल्यांचा छेद वहीत नोंदलेला होता. न टोचलेल्यांचा मात्र नव्हता. तो वजाबाकीने काढावा लागे: गावची अंदाजी वस्ती घ्यावयाची, त्यातून टोचलेले वजा करावयाचे, उरतील ते न टोचलेले.

ह्या वजाबाकीत काय दोष आहे ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. समजा, गावची वस्ती ५०,००० धरली आणि ४८,००० लोकांना टोचले. उरले २,०००. त्यांतील १०० एका आठवड्यात मेले, तर मृत्यूचे प्रमाण शेकडा ५. आता समजा, वस्ती खरोखर ५२,००० होती. मग उरलेले ४,००० होतात आणि तेच प्रमाण शेकडा अडीचवर येते. आणि समजा, हजार लोक आधीच शेतावर पळालेले होते व गावात ४९,०००च होते. मग उरतात १,००० आणि प्रमाण होते शेकडा १०. वस्तीच्या अंदाजात शेकडा दोन-चारांची चूक, आणि उत्तरात दुपटीचा फरक! टोचणीचे काम जितके यशस्वी, तितके उरलेले लोक थोडे, आणि जितके ते थोडे तितका त्यांचा आकडा अविश्वसनीय. कामाच्या यशानेच पुराव्याला दुबळे करावे, असा हा विचित्र न्याय आहे. शिवाय गावात इतर उपायही एकीकडे चालू होते. त्यांचे श्रेय वेगळे कसे काढावयाचे? आणि टोचणीला येणारा मनुष्य बहुधा धडधाकट, तर मागे राहणारा आजारी, म्हातारा, किंवा अगदीच निराधार. मृत्यूचा फरक लसीमुळे की ह्या निवडीमुळे?

एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या इंडियन प्लेग कमिशनने नेमका छेदावरच आक्षेप घेतला. आपल्या गावच्या एवढ्या मोठ्या कामाला असा बट्टा लागावा ह्याचे वाईट वाटते, पण आक्षेप रास्त होता.

ह्याउलट उंडेरा. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग असता हाफकिन तेथे गेला. गावातील कुटुंबे एकेक करून समोर उभी करण्यात आली, आणि प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना टोचून निम्म्यांना तसेच ठेवण्यात आले. म्हणजे घर एक, उंदीर तेच, अन्न तेच, झोपण्याची जागा तीच. फरक केवळ सुईचा. पुढे काही आठवड्यांनी हिशेब झाला. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत टोचलेले ७१ होते. त्यांतील ८ आजारी पडले व ३ मेले. न टोचलेले ६४ होते. त्यांतील २७ आजारी पडले व २६ मेले. येथे छेद पक्का होता. शेकडा ४ विरुद्ध शेकडा ४०! ह्या आकड्यांपुढे वाद संपावा असेच ते आहेत.

परंतु श्रोतेहो, त्या २६ कडे पुन्हा एकदा पाहा. न टोचलेल्यांनाही टोचले असते आणि त्यांच्यातील मृत्यूही शेकडा ४ वर आले असते, तर २६ च्या जागी सुमारे ३ मेले असते. म्हणजे सुमारे तेवीस माणसे केवळ हिशेब स्वच्छ यावा म्हणून गेली. एका घरात बाप टोचलेला आणि मुलगा न टोचलेला, किंवा मोठी बहीण टोचलेली आणि धाकटी नाही, असे घडलेच असणार. हाफकिनच्या बाजूने म्हणावयाचे तर, लसीचा गुण तोपर्यंत वादातीत सिद्ध झाला नव्हता, आणि न तपासलेले औषध लाखोंना टोचणे हाही अपराधच ठरला असता. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे ह्याच लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने मेली. त्याचे खापर हाफकिनच्या प्रयोगशाळेवर फुटले, आणि त्याला दोषमुक्त व्हावयास १९०७ साल उजाडावे लागले. तेव्हा पुराव्याची गरज कोणी नाकारू नये. तरीही मला असे वाटते की, भायखळ्याचा अनुभव हाती असता एकाच घरातील माणसांची अशी वाटणी करण्यापूर्वी त्या घराला विचारावयास हवे होते. अर्ध्या वाट्यात कोण राहणार, हे त्यांनी ठरविले नव्हते.

कमिशनने अखेरीस निर्णय दिला तो मोजक्या शब्दांचा होता. टोचणीने प्लेग होण्याचा संभव पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण संरक्षण मिळत नाही. मृत्यूही कमी होतात. टोचल्यानंतरचे पहिले काही दिवस तिचा उपयोग नाही. आणि तिचा परिणाम कायम टिकत नाही. एवढे निश्चित कळले त्यात उंडेऱ्याच्या त्या ६४ जणांचा वाटा होता. पुढे १९४० नंतर स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आली, आणि वेळीच उपचार झाल्यास प्लेगचा रोगी बरा होऊ लागला. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत पुन्हा प्लेगची हाकाटी झाली तेव्हा मदतीला धावली ती अशीच औषधे.

हुबळी आणि उंडेरा ह्यांमधील पेच मात्र औषधांनी सुटला नव्हता. प्रत्येक नव्या लसीबरोबर तो पुन्हा उभा राहिला. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात २०१५ साली इबोलाच्या लसीची परीक्षा झाली, तिच्यात तो सोडविण्याची एक रीत योजलेली दिसते. रोगी आढळला की त्याच्या संपर्कातील माणसांचे एक वर्तुळ आखावयाचे. चिठ्ठ्या टाकाव्या तसे निवडून, काही वर्तुळांना लस लगेच द्यावयाची आणि काहींना २१ दिवसांनी. कोणतेही वर्तुळ कायमचे वगळावयाचे नाही, आणि टोचण्यापूर्वी प्रत्येकाची संमती घ्यावयाची. लगेच टोचलेल्या वर्तुळांत दहा दिवसांनंतर नवा रोगी एकही आढळेना, विलंबाच्या वर्तुळांत मात्र आढळत राहिले. हे मधल्या हिशेबात दिसताच, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, तो २१ दिवसांचा विलंब रद्द करण्यात आला आणि पुढील सर्व वर्तुळांना लस ताबडतोब देण्यात येऊ लागली.