अघनाशिनी ओलांडून आलेले देव

गोमंतकाचा वास्तुवारसा : लेखांक ७

मागच्या रविवारी आपण तांबडी सुर्ल्याच्या महादेवापाशी थांबलो होतो. काळ्या पाषाणातले, कदंबकाळातले ते देऊळ रानाच्या पोटात होते म्हणून वाचले. तो लेख वाचून एका वाचकांनी विचारले आहे, ‘‘आज गोव्यात दिसतात ती देवळे अशी का नाहीत? घुमट, अर्धगोल कमानी, चर्चच्या मनोऱ्यासारखा दीपस्तंभ, हे आपल्यात आले कुठून?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर फोंडा तालुक्यात, म्हणजे जुन्या अंत्रुज महालात मिळते.

पोर्तुगीजांनी १५१० साली तिसवाडी घेतली आणि १५४३ साली बारदेस व साष्टी त्यांच्या हाती गेले. पुढच्या पंचवीस वर्षांत या तिन्ही प्रांतांतली देवळे जमीनदोस्त झाली. घाव पडण्याआधी ज्यांना जमले त्यांनी देव उचलले. १५६० मध्ये कुठ्ठाळीचा मंगेश निघाला. १५६६ मध्ये शेजारच्या केळशीची शांतादुर्गा निघाली. वेर्ण्याची म्हालसाही त्याच वाटेने गेली. जुवारी नदीचे जुने नाव अघनाशिनी. ती ओलांडली की पलीकडे आदिलशाहीचा मुलूख होता आणि तिथे देवाला हात लावणारे कोणी नव्हते. हिंदूंच्या कुलदैवतांना त्या काळी मुसलमान सुलतानाच्या राज्यात आसरा मिळाला, ही गोष्ट गोव्याचा इतिहास सांगताना गाळून चालणार नाही.

पण आज आपण पाहतो ती देवळे तेव्हाची नाहीत. कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ १७३८ चे. शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांनी ते बांधवले. मंगेशी गाव देवस्थानाला इनाम मिळाले ते १७३९ मध्ये, पेशव्यांकडून, सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या शब्दाखातर. म्हणजे देव आले आणि देवाला साजेसे घर उभे राहिले, यांमध्ये जवळजवळ पावणेदोनशे वर्षे गेली. मधल्या काळात अंत्रुजावर आदिलशाही, मराठे, सौंधेकर असे धनी बदलत राहिले. देव मात्र साध्या आसऱ्यात बसून होते. या पावणेदोनशे वर्षांतच वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

एवढ्या काळात नदीपलीकडे गवंड्यांच्या कितीतरी पिढ्या चर्च बांधण्यात गेल्या होत्या. विजापूरचे घुमट सगळ्यांच्या परिचयाचे होते. मराठ्यांचे वाडे आणि देवळे घाटावर उभी राहत होती. कवळ्याचा किंवा मंगेशीचा कारागीर कामाला लागला तेव्हा त्याच्या हातात हे सगळे होते. त्याने गाभाऱ्यावर अष्टकोनी बैठक रचली आणि तिच्यावर घुमट चढवला. भिंतीला चुन्याचे अर्धस्तंभ काढले, सभामंडपावर उतरते कौलारू छप्पर घातले. याला कोणी चर्चची नक्कल म्हणतात. मला ते पटत नाही. आत गाभारा, अंतराळ, सभामंडप हा क्रम जागच्या जागी आहे, प्रदक्षिणेची वाट आहे, समोर तुळशीवृंदावन आहे. देवाच्या घराचा आराखडा आपला ठेवून हाताशी असलेल्या कसबाने त्याने ते घर सजवले.

दुसरे कारण दगडाचे. तांबडी सुर्ल्याच्या पाषाणात फूल कोरता येते. अंत्रुजात मिळतो तो जांभा, गोव्यात त्याला चिरा म्हणतात. खाणीतून काढताना तो मऊ असतो, वाऱ्यावर पडला की टणक होतो. पण त्याच्या अंगाला भोके फार, त्यामुळे त्यात नाजूक मूर्तिकाम होत नाही. म्हणून या देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर शिल्पे नाहीत. नक्षी गेली चुन्याच्या गिलाव्यात, लाकडी खांबांत आणि गाभाऱ्याच्या दाराच्या चांदीच्या पत्र्यावर.

दीपस्तंभाजवळ जरा थांबू. जेजुरीच्या गडावरच्या दीपमाळा डोळ्यांपुढे आणा. गोल, वर निमुळत्या होत गेलेल्या, अंगातून दगडी हात बाहेर आलेले. आता मंगेशीचा दीपस्तंभ पाहा. तो अष्टकोनी आणि सात मजली आहे, पांढराशुभ्र. प्रत्येक मजल्याला कमानीचे कोनाडे, कोनाड्यांच्या मध्ये अर्धस्तंभ, वर छोटा घुमट. दिवा इथे हातावर नाही, कोनाड्यात बसतो. कोकणातला पावसाळी वारा ज्याने अनुभवला आहे त्याला हा आडोसा का, ते सांगावे लागणार नाही. जत्रेच्या रात्री पणत्या लागल्या की ज्योतीचा उजेड थेट डोळ्यांवर येत नाही. तो कोनाड्याच्या चुन्यावर पडतो आणि तिथून मऊ होऊन बाहेर येतो. म्हार्दोळला म्हालसेसमोर पितळेचा, समईसारखा, एकवीस वळ्यांचा दीपस्तंभ आहे आणि त्याची बैठक कासवाच्या पाठीवर आहे. तोही देखणाच, पण माझे मन मंगेशीच्या कोनाड्यांतच अडकते.

आणि अग्रशाळा! चौकाच्या कडेने असलेल्या या खोल्यांच्या ओळींकडे येणारा प्रवासी ढुंकूनही पाहत नाही. त्या नसत्या तर हे देऊळ टिकलेच नसते असे मी म्हणेन. देव अलीकडे आणि कुळे विखुरलेली, कोणी मागे राहिलेले, कोणी कारवार-मंगळूरकडे गेलेले. जत्रेला, लग्नानंतरच्या दर्शनाला, नवसाला ती माणसे मैलोन्‌मैल चालून येणार. त्यांनी उतरायचे कुठे? घरापासून तुटलेल्या देवाने घरापासून तुटलेल्या भक्तांसाठी ठेवलेली जागा म्हणजे अग्रशाळा.

बांदिवड्याचा नागेश मात्र कुठून आला नाही. तो मूळचा तिथलाच. १४१३ चा शिलालेख त्याच्या दारात आहे. सभामंडपात मान वर करून लाकडी पट्टीवर कोरलेले रामायण बघा. बहुतेक जण तळे पाहून परत फिरतात आणि ते रामायण तसेच राहते.

आता मनात सलणारी गोष्ट लिहितो. अंत्रुजातल्याच एका देवळात (नाव लिहीत नाही) जुना चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट फासलेले मी पाहिले. खांबांच्या कोरीवकामावर चकचकीत ऑइलपेंट, पायाखाली ग्रॅनाइट. तीन पावसाळ्यांनंतर पुन्हा गेलो तर भिंतीच्या तळाशी पापुद्रे सुटले होते आणि ओल कमरेएवढी चढली होती. याचे कारण सरळ आहे. चिरा पाणी पितो. वर चुना असेल तर ते पाणी चुन्यातून सावकाश सुकून जाते. सिमेंट ती वाट बंद करते, पाणी आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होत जाते. ज्यांनी हे केले त्यांची भक्ती खोटी नव्हती, पैसाही प्रामाणिक होता. चुना जाणणारा माणूस तेवढा कोणी बोलावला नाही.

वाचकहो, तुमच्यातल्या पुष्कळांची कुलदैवते या भागात आहेत. मुंबईत, पुण्यात, बेळगावात बसून तुम्ही जीर्णोद्धाराला देणगी पाठवता. पुढच्या वेळी पैसे पाठवताना सोबत एक पत्र पाठवा. जुन्या भिंतीवर काय लावणार आहात, एवढेच विचारा. उत्तर ‘सिमेंट’ असेल तर देणगी चुन्याच्या कामासाठीच वापरावी, असे स्पष्ट लिहून कळवा.

पुढच्या रविवारी नार्व्याला जाऊ, सप्तकोटेश्वराकडे. त्या देवळाच्या दारावर १६६८ सालचा शिवाजी महाराजांचा लेख आहे.