पीडीमध्ये दोन साऊंड कार्ड असतील, तर आवाज नक्की कुठून येणार?

एकांकिकेच्या प्रयोगाला पंधरा मिनिटं होती. मी पावसाचा आवाज सोडून बघितला, तर तो स्पीकरमधून न येता वर टांगलेल्या प्रोजेक्टरमधून आला. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, चिरका. तालमीत महिनाभर बिनबोभाट चाललेली फाईल होती. बदललं होतं एवढंच, की प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल त्या दिवशी पहिल्यांदा लॅपटॉपला लागली होती.

साऊंडसाठी मी प्युअर डेटा वापरतो. सगळे त्याला पीडी म्हणतात. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो. मिलर पकेट यांनी तो १९९० च्या दशकात लिहिला. त्याआधी पॅरिसच्या इर्काममध्ये असताना मॅक्स हा प्रोग्राम त्यांनीच सुरू केला होता. दोन्हींची पद्धत सारखीच. कोड टाईप करत बसायचं नाही, स्क्रीनवर चौकटी ठेवायच्या आणि त्या रेघांनी जोडायच्या. आवाज बाहेर काढणारी चौकट म्हणजे डॅक~ आणि आत घेणारी एडीसी~.

आता गोम अशी आहे की डॅक~ ला साऊंड कार्ड माहीतच नसतं. त्याला फक्त चॅनेलचे नंबर कळतात: १, २, ३, ४. तो चॅनेल कुठल्या कार्डातून बाहेर पडणार हे मीडिया मेनूमधल्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये ठरतं. विंडोजवर त्याच मेनूत आधी स्टँडर्ड की असिओ हे निवडायचं, कारण दोन्हींच्या याद्या वेगळ्या असतात. स्टँडर्डच्या यादीत आणखी एक त्रास आहे. विंडोज तिथे कार्डाचं नाव ३१ अक्षरांवर कापतं. 'स्पीकर्स' ने सुरू होणारी दोन लांबलचक नावं असली, की नेमका फरक सांगणारा भाग उडालेला असतो.

माझी चूक मात्र यादीतल्या नंबरची होती. रोज सेटिंग्ज उघडायला नकोत म्हणून मी पीडी सुरू करणारी एक छोटी बॅच फाईल केली होती आणि तिच्यात आउटपुटसाठी कार्डाचा नंबर लिहून ठेवला होता. हा नंबर कार्डावर छापलेला नसतो, तो यादीतला क्रम असतो. एचडीएमआय लागली, प्रोजेक्टर हे नवं आउटपुट म्हणून मध्येच घुसलं आणि माझं यूएसबी कार्ड एक पायरी खाली गेलं. पीडीने मात्र सांगितलेला नंबर इमानदारीत उघडला. लिनक्सवरही यूएसबी कार्डांचा क्रम रीस्टार्टनंतर बदलू शकतो. म्हणून नंबरऐवजी नावाने कार्ड मागा. पीडीच्या नव्या आवृत्त्या सेटिंग्ज सेव्ह करताना कार्डाचं नावही ठेवतात आणि आधी नाव शोधतात. आणि कार्ड आधी जोडा, पीडी नंतर सुरू करा.

त्या दिवशी सेटिंग्जमधून कार्ड बदललं आणि प्रयोग निभावला. खरा धडा पुढच्या प्रयोगाच्या तालमीत मिळाला. पुढचा आवाज आधी हेडफोनवर ऐकून मग सोडावा, असं मला वाटत होतं. मेन आवाज यूएसबी कार्डातून आणि हेडफोन लॅपटॉपच्या जॅकला. सेटिंग्जमध्ये एकापेक्षा जास्त कार्डं वापरायचं बटण असतं. ते दाबलं, दुसरं कार्ड निवडलं. पहिल्याचे चॅनेल १-२, दुसऱ्याचे ३-४. झकास चाललं. मग काही मिनिटांनी 'टक्'. परत काही मिनिटांनी 'टक्'. मी केबली बदलल्या, दुसरा यूएसबी पोर्ट घेतला, बफर वाढवला. बफर वाढवल्यावर टक् उशिरा यायला लागला, एवढंच.

कारण असं, की प्रत्येक साऊंड कार्डाला स्वतःचं घड्याळ असतं, एक छोटा क्रिस्टल. दोन्ही कार्डं ४८,००० सॅम्पल प्रति सेकंद म्हणतात, पण कुठलेही दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. समजा फरक दहा लाखांत ५० इतकाच आहे. म्हणजे सेकंदाला २.४ सॅम्पल, आणि तासाभरात ८,६४०, म्हणजे ०.१८ सेकंद. बफरमध्ये २० मिलिसेकंदांची सवलत असेल, तर ती ४०० सेकंदांत संपते. पावणेसात मिनिटांच्या आत एक कार्ड उपाशी राहतं किंवा दुसऱ्याचं पोट फुटतं. बफर वाढवणं म्हणजे गळक्या नळाखाली मोठी बादली ठेवणं. यूएसबी माईक आत आणि लॅपटॉपचा स्पीकर बाहेर, एवढं केलंत तरी तुम्ही दोन घड्याळांवरच असता. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

मॅकवर यावर बरी सोय आहे. ऑडिओ मिडी सेटअपमध्ये अनेक कार्डांचं मिळून एक ॲग्रिगेट डिव्हाइस बनवता येतं. त्यात एका कार्डाचं घड्याळ प्रमाण धरायचं आणि बाकीच्यांना ड्रिफ्ट करेक्शनची टिक करायची. मग सिस्टीम त्यांचा आवाज सतत किंचित ताणून किंवा आखडून जुळवत राहते. पीडीला एकच कार्ड दिसतं. लिनक्सवर हेच काम जॅकसोबत झिटा-एजेब्रिज करतं. विंडोजवर असिओ एका वेळी एकच ड्रायव्हर घेतो; असिओ-फोर-ऑल कार्डं एकत्र दाखवू शकतो, पण प्रयोगाच्या दिवशी मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

मी शेवटी चार आउटपुटचं एकच कार्ड घेतलं. १-२ मिक्सरला, ३-४ हेडफोनला, क्रिस्टल एकच. टक् गेला. पहिल्या दिवशी हेडफोन ठार मुका होता, ते वेगळंच. सेटिंग्जमध्ये आउटपुट चॅनेल २ च राहिले होते आणि डॅक~ ला ३ आणि ४ दिले, तर पीडी एररसुद्धा देत नाही, नुसता गप्प बसतो. तिथे ४ भरा आणि त्याच मीडिया मेनूतल्या ऑडिओ टेस्टने आवाज तपासा, प्रोजेक्टरसकट सगळ्या केबली लावून झाल्यावर.