नववा ग्रह: गणितात आहे, आकाशात सापडेना

२० जानेवारी २०१६ रोजी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेतल्या दोन खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की नेपच्यूनच्या खूप पलीकडे एक मोठा ग्रह सूर्याभोवती फिरत असावा. वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे दहापट, आणि एका प्रदक्षिणेला दहा ते वीस हजार वर्षं. त्या दोघांतला कॉन्स्टंटिन बॅटिगिन हा गणिताच्या बाजूचा, तर माइक ब्राउन हा दुर्बिणीवर आयुष्य घातलेला निरीक्षक. याच ब्राउनच्या गटाने २००५ साली एरिस हा प्लूटोसारखा पिंड शोधला आणि त्यापायी पुढच्या वर्षी प्लूटोचं ग्रहपद गेलं. नवा ग्रह मात्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. आजवर कुणीच पाहिलेला नाही.

मग तो आहे, असं म्हणायचं कशावरून? नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पिंडांपैकी काहींच्या कक्षा फार लांबट आहेत. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, हे एक खगोलीय एकक धरलं तर नेपच्यून ३० एककांवर आहे. अशा पिंडांपैकी २००३ साली सापडलेली सेडना सूर्याच्या सर्वांत जवळ येते तेव्हाही ७६ एककं दूर असते. तिथवर नेपच्यूनचा जोर चालत नाही. मग तिला अशा कक्षेत नेलं कुणी? त्यात अशा सहा पिंडांच्या कक्षा एकाच दिशेला लांबलेल्या आणि जवळपास सारख्याच कललेल्या आढळल्या. निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता या दोघांच्या हिशेबाने ०.००७ टक्के. संगणकातल्या सूर्यमालेत एक जड ग्रह सोडला, की कक्षा तशाच जुळून येत. काही पिंड ग्रहांच्या पातळीला काटकोनात फिरत असले पाहिजेत, असंही त्याच गणितातून निघालं. नोंदी चाळल्या, तर तसे पिंड आधीच सापडलेले होते! मला या सगळ्या प्रकरणात हाच पुरावा सर्वांत वजनदार वाटतो.

गणिताने ग्रह सापडतो, हे खरं आहे. युरेनसची चाल हिशेबाप्रमाणे पडेना, म्हणून फ्रान्सच्या ल व्हेरिएने एका अज्ञात ग्रहाची जागा काढून दिली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांना नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत दिसला. पण पुढे याच ल व्हेरिएने बुधाच्या चालीतला फरक पाहून सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रह असल्याचं सांगितलं. तो कधीच सापडला नाही. चूक गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातच होती, हे १९१५ साली आइन्स्टाइनने दाखवून दिलं.

न सापडलेला ग्रह आणि परग्रहावरचे जीव, हे दोन्ही ध्यास पर्सिव्हल लोवेल या एकाच अमेरिकन माणसाने घेतले होते. मंगळावर बुद्धिमान जीवांनी कालवे खोदले आहेत, अशी त्याची खात्री होती. पदरचे पैसे घालून त्याने १८९४ मध्ये ॲरिझोनात वेधशाळा उभारली. पुढे युरेनसच्या चालीत अजून उरलेल्या फरकावरून नेपच्यूनपलीकडचा 'प्लॅनेट एक्स' शोधण्याचं काम हाती घेतलं आणि १९१६ मध्ये तो गेला तेव्हाही हे काम अपुरंच होतं.

ते पुरं केलं कॅन्ससच्या शेतात वाढलेल्या क्लाइड टॉम्बॉने. तेव्हा त्याच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. घरी बनवलेल्या दुर्बिणीतून काढलेली मंगळ-गुरूची रेखाटनं त्याने वेधशाळेला पाठवली आणि तेवढ्यावर नोकरी मिळाली. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, काही रात्रींच्या अंतराने घेतलेले दोन फोटो काचेच्या पाट्यांवर असत. एका यंत्रात ते शेजारी लावायचे आणि भिंगातून आळीपाळीने पाहायचे. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका इकडून तिकडे उडी मारताना दिसला, तर तो आपल्या सूर्यमालेतला. एकेका काचेवर हजारो, आकाशगंगेच्या पट्ट्यात तर लाखो तारे. महिनोन्‌महिने हे काम केल्यावर १८ फेब्रुवारी १९३० च्या दुपारी, मिथुन राशीत, जानेवारीतल्या दोन काचांवर एक ठिपका तीन-चार मिलिमीटर सरकलेला त्याला दिसला. तो प्लूटो होता.

तो लोवेलने सांगितलेल्या भागाजवळ मिळाला, हा केवळ योगायोग. १९७८ साली प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडला आणि प्लूटोचं वस्तुमान नीट मोजता आलं. ते पृथ्वीच्या पाव टक्क्याहूनही कमी भरलं. एवढ्याशा पिंडाने युरेनसला हलवणं शक्यच नाही. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ यान नेपच्यूनजवळून गेलं, त्यावरून नेपच्यूनचं वस्तुमान सुधारून घेतलं आणि ज्या फरकावर प्लॅनेट एक्सची इमारत उभी होती, तो फरकच उरला नाही.

आजचा आक्षेपही निरीक्षणांबद्दलचाच आहे. हे पिंड सूर्याच्या जवळ आले तरच दिसतात आणि दुर्बिणी ठरावीक ऋतूत, ठरावीक भागात रोखलेल्या असतात. एकाच बंदरात उतरलेली मासळी पाहून अख्ख्या समुद्राचा अंदाज बांधावा, तसं होण्याची भीती आहे. काही सर्वेक्षणांनी ही निवड हिशेबात धरली, तेव्हा कक्षांचा तो एकदिश कल ठामपणे उरला नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेले दोन नवे पिंडही या घोळक्यात बसत नाहीत. ब्राउन आणि बॅटिगिन आपल्या मतावर कायम आहेत. २०२१ मध्ये त्यांनी ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे सहापट इतकं खाली आणलं आणि कक्षाही जवळ घेतली.

तो असेल तर दिसत का नाही? सूर्याचा उजेड तिथे जाताना विरळ होतो आणि परत येतानाही. नेपच्यून उचलून ५०० एककांवर ठेवला, तर तो सुमारे ७७ हजार पट फिका दिसेल. तिथली भर दुपार म्हणजे आपल्या पौर्णिमेच्या चांदण्याच्या जेमतेम दीडपट उजेड.

अशा काळोखात जीवसृष्टी? २०१२ साली 'निबिरू' नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळणार म्हणून लोकांना घाबरवलं गेलं, त्याचा मला आजही राग येतो. निबिरूवरचे रहिवासी पूर्वी पृथ्वीवर येऊन गेले, ही कल्पना झेकरिया सिचिन यांच्या १९७६ च्या पुस्तकातली; तिला पुरावा नाही. गणितातला नववा ग्रह सूर्याच्या सर्वांत जवळ आला तरी नेपच्यूनच्या कितीतरी पलीकडेच राहतो.

विज्ञानाच्या चौकटीतला तर्क वेगळा आहे, आणि तो जास्त रोमांचक आहे. कॅलटेकच्याच डेव्हिड स्टीव्हन्सन यांनी १९९९ मध्ये मांडलं, की ताऱ्यापासून तुटलेल्या ग्रहाभोवती हायड्रोजनचं दाट वातावरण असेल, तर किरणोत्सारातून निघणारी आतली उष्णता अडून राहील आणि पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल. नवव्या ग्रहावर असंच असेल, असं म्हणायला आज काहीही आधार नाही. पण पृथ्वीहून मोठे आणि नेपच्यूनहून लहान ग्रह इतर ताऱ्यांभोवती मुबलक आहेत आणि आपल्याकडे त्या जातीचा एकही नाही. १२४ प्रकाशवर्षं दूरच्या के२-१८बी या तशाच ग्रहाच्या वातावरणात जीवसृष्टीशी जोडला जाणारा एक रेणू असावा, असा दावा केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये केला. तीच निरीक्षणं तपासून इतरांनी तो अमान्य केला. तशा जातीचा एखादा ग्रह आपल्याच अंगणात असला, तर केवढा फरक पडेल!

२०२४ पर्यंत तीन मोठ्या सर्वेक्षणांचे साठे तपासून ब्राउन यांच्या गटाने संभाव्य जागांपैकी सुमारे ७८ टक्के बाद केल्या. उरलेल्या बहुतेक जागी ग्रह फार फिका किंवा आकाशगंगेच्या गर्दीत असणार. तिथे शोधण्याचं काम आता चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेकडे आहे: ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, दहा वर्षांचं सर्वेक्षण. ग्रह सापडलाच, तर कक्षा पक्की करायला सगळे आधी जुन्या फोटोंकडे धावतील. प्लूटोच्या वेळी तेच झालं. १९१५ मध्ये लोवेलच्याच वेधशाळेत, तो हयात असताना घेतलेल्या दोन काचांवर प्लूटो उमटलेला होता. लोवेलला हवा होता त्यापेक्षा तो फारच फिका होता, म्हणून कुणाच्या नजरेत आला नाही.